आजच्या दिवशी तरी गप्प बसा

कोल्हापुरात 15 ऑगस्टला झेंड्याच्या आधी जिलेबीची रांग लागते. बाहेरगावच्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही. मिठाईच्या दुकानांपुढं मांडव पडतात, चौकाचौकांत आणि तालमींच्या दारात कढया चढतात, दराच्या पाट्या लागतात आणि पाऊस असो की ऊन, माणसं पिशव्या घेऊन उभी राहतात. पावशेर कुणी घेत नाही. किलो, दोन किलो. झेंडावंदनाहून परतलेली पोरं गणवेशातच रांगेत घुसतात. 26 जानेवारीलाही हेच. वर्षाचे बाकीचे 363 दिवस जिलेबी हा इथं एक साधा गोड पदार्थ असतो. या दोन दिवशी तिला राष्ट्रीय दर्जा मिळतो.

मागच्या वर्षी अशाच रांगेत माझ्या पुढं दोघं उभे होते. विशीतला एक पोरगा आणि त्याच्या ओळखीचे, बहुधा गल्लीतलेच, साठीचे एक गृहस्थ. पोरगा मोबाइलवर आलेला कसलासा मजकूर वाचून दाखवत होता. खरं स्वातंत्र्य मिळालंच नाही, मिळालं ते कुणाला मिळालं, वगैरे. गृहस्थांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं बाबा, आजच्या दिवशी तरी गप बस की. जिलेबी घे आणि जा घरला." रांग हसली. मीही हसलो. घरी येऊन जिलेबी खाताना मात्र ते वाक्य दाताखाली खड्यासारखं आलं.

कारण हे वाक्य त्या एका रांगेचं नाही. शाळेत, सोसायटीच्या झेंडावंदनाला, घरच्या ग्रुपवर, सगळीकडं ते दरवर्षी म्हटलं जातं. वर्षभर भांडा, आजच्या दिवशी तरी नको. ऐकायला समंजस वाटतं. माझं म्हणणं असं की भांडायचा दिवस असेल तर हाच आहे, आणि तो तसा पहिल्या दिवसापासून आहे.

ज्यांच्या तसबिरीला आपण त्या सकाळी हार घालतो, ते गांधीजी 15 ऑगस्ट 1947 ला कुठं होते? दिल्लीत नव्हते. कोलकात्यात बेलियाघाटाच्या हैदरी मंजिलमध्ये, दंगलीच्या सावटाखालच्या वस्तीत, उपवास करत आणि सूत कातत बसले होते. द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी तो दुःखाचा दिवस म्हणून पाळायला सांगितलं, तर त्यांचेच सहकारी अण्णादुराई यांनी तो आनंदाचा दिवस असल्याचं सांगितलं; एकाच चळवळीतल्या दोघांना एकाच दिवसाचा अर्थ एक लावता आला नाही. मुंबईत दुसऱ्याच दिवशी अण्णाभाऊ साठे आणि त्यांचे साथी 'ये आझादी झूठी है' म्हणत रस्त्यावर होते. पंजाब आणि बंगालमधल्या लाखो लोकांना तर आपण कोणत्या देशात स्वतंत्र झालो हेच ठाऊक नव्हतं. दोन देशांमधली रॅडक्लिफची सीमारेषा जाहीर झाली 17 ऑगस्टला. बंगालमधल्या नदिया जिल्ह्याच्या काही गावांत आजही 18 ऑगस्टला झेंडा लावतात, कारण आपण भारतात आहोत हे त्यांना तेव्हा कळलं.

तारीखही काही आपण निवडलेली नव्हती. काँग्रेसने 1930 पासून स्वातंत्र्यदिन पाळला तो 26 जानेवारीला, पूर्ण स्वराज्याच्या ठरावानंतर. 15 ऑगस्ट ठरवली माउंटबॅटननी, कारण जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं पुरी होत होती. ज्योतिषांनी दिवस अशुभ म्हणून नाक मुरडलं. आपल्या नेत्यांनी आपला जुना दिवस वाया जाऊ दिला नाही, राज्यघटना त्या दिवशी लागू केली, म्हणून आज आपल्याकडं दोन सण आहेत. आणि दोनदा जिलेबी.

आता कोल्हापूरचा प्रश्न. इथं या दिवसाबद्दल आणखी एक मत ऐकू येतं, जे पुण्या-मुंबईत ऐकू येणार नाही. 'आम्ही इंग्रजांचे गुलाम नव्हतोच. आमच्यावर छत्रपतींचं राज्य होतं. आमचं संस्थान विलीन झालं 1 मार्च 1949 ला. मग 15 ऑगस्टला आम्ही नेमके कशातून सुटलो?' हे मत मांडणारा माणूस सहसा वाईट नसतो. त्याच्या मनात शाहू महाराज असतात. 1902 मध्ये मागासवर्गीयांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणणारा, राधानगरीचं धरण बांधायला घेणारा राजा ज्यांच्या वाट्याला आला, त्यांना 'आमचं काय वाईट चाललं होतं?' असं वाटणं समजू शकतो. तरी हे मत चूक आहे, आणि मोघम चूक नव्हे, पुराव्यानिशी चूक आहे.

1844 मध्ये भुदरगड आणि सामानगडच्या गडकऱ्यांनी बंड केलं ते कुणाविरुद्ध? 31 जुलै 1857 ला कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली ती कुणाविरुद्ध? राजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना त्या उठावापायी कराचीला नेऊन ठेवलं, 1869 मध्ये ते तिथंच गेले. आज त्यांच्या नावाच्या चौकात आपण सिग्नलला थांबतो. स्वतंत्र राजाच्या भावाला असं कुणी उचलून नेत नाही. त्यापुढचं तर जास्त विदारक आहे. चौथे शिवाजी महाराज गादीवर असताना त्यांना वेडे ठरवून त्यांच्याभोवती पहारे बसले, आणि 1883 च्या डिसेंबरात नगरच्या किल्ल्यात, गोऱ्या सोजिराशी झालेल्या झटापटीत, त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाबद्दल लिहिलं म्हणून टिळक आणि आगरकर 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले. टिळकांचा पहिला तुरुंगवास कोल्हापूरपायी होता, आणि आम्ही म्हणतो आम्ही गुलाम नव्हतो!

उलट संस्थानी प्रजेवर दोन जोखडं होती. ब्रिटिश मुलखातल्या माणसाला एका सरकारशी भांडायचं होतं, इथल्या माणसाला दोघांशी. शाहू महाराजांसारखा राजा लाभला तर दरबार हा आसरा. पण राजा चांगला निघाला हे नशीब झालं, हक्क नव्हे. 1939 मध्ये माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी प्रजा परिषद उभी केली ती या हक्कासाठी, जबाबदार राज्यपद्धतीसाठी. 1942 च्या डिसेंबरात गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्यांतले सात जण मेले. भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप केला. पुढं तो फुटला आणि त्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा आला. शिवाजी चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना तिथं आधी कोण उभा होता हे माहीत आहे, मला शंका आहे. म्हणून 'आम्हाला स्वातंत्र्य भीक म्हणून मिळालं' असं अलीकडं जे बोललं जातं, त्याला इथलं उत्तर सोपं आहे. गारगोटीला जाऊन बोलून दाखवा.

म्हणजे सगळी मतं सारख्या वजनाची नसतात. भांडू द्या म्हणतो याचा अर्थ सगळेच बरोबर असा नाही. 'झूठी आझादी'ची घोषणा देणारा कम्युनिस्ट पक्षच 1952 च्या निवडणुकीत उतरला आणि संसदेत विरोधी बाकांवर बसला; स्वातंत्र्य अगदीच खोटं असतं तर हे जमलं नसतं. पण घोषणेचा दुसरा अर्धा भाग, 'देश की जनता भूखी है', तो खोटा होता असं कोण म्हणेल? फाळणीचं दुःख करणाऱ्यांचं दुःख खरं आहे, 2021 पासून 14 ऑगस्टला त्यासाठी सरकारी दिवसही आहे. मात्र त्या दुःखाचा उपयोग शेजारच्या मोहल्ल्यातल्या माणसाकडं बोट दाखवायला होऊ लागला की ते दुःख राहत नाही.

माझ्या मते सगळ्यांत वजनदार आक्षेप बाबासाहेबांच्या वाटेनं येतो. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत ते म्हणाले ते थोडक्यात असं: आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतो आहोत, राजकारणात समता असेल, समाजात आणि अर्थकारणात विषमता, ही विसंगती लवकर मिटवली नाही तर जे ती सोसतात तेच लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील. हे बोलणारा माणूस त्या घटनेचा शिल्पकार होता. आपल्याच कामाच्या सोहळ्यात त्यानं आजच्या दिवशी तरी गप्प बसायचं नाकारलं. पुढच्याच वर्षी, 9 डिसेंबर 1950 ला, बिंदू चौकात त्यांचा आणि जोतीरावांचा पुतळा बसला, बाबासाहेब हयात असताना. तेव्हाचं कोल्हापूर टीका करणाऱ्याचा पुतळा उभारत होतं, ही गोष्ट मला आजच्या रांगेत उभं राहिल्यावर फार आठवते.

आणि पारधी, बेरड, कैकाडी यांचं काय? 1871 च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा तो शिक्का देशभरातून पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 ला. देश सुटला त्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. विमुक्त दिन ते याच तारखेला पाळतात. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात या जमातींना रोज सरकारदरबारी हजेरी लावायला लावण्याची पद्धत 1918 मध्येच बंद केली होती, म्हणजे या एका बाबतीत संस्थानाचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या हाती खरंखुरं नाणं आहे. ते वाजवायचं सोडून 'आम्ही गुलाम नव्हतो' हे खोटं नाणं का वाजवतात कळत नाही. असो.

आता जरा अवघड ठिकाणी येतो, कारण इथं आपलंच बोट आपल्या डोळ्यात जातं.

1 नोव्हेंबर. कर्नाटकात हा राज्योत्सव. लाल-पिवळे झेंडे, मिरवणुका, सुट्टी. त्याच दिवशी बेळगावात मराठी माणूस काळा दिवस पाळतो, काळ्या फिती लावून सायकल फेरी काढतो, कारण 1956 मध्ये त्याच दिवशी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. कोल्हापूरचा पाठिंबा त्यांना पहिल्यापासून आहे. आपले नातेवाईक तिथं आहेत, निपाणीच्या बाजारात आपण जातो-येतो. तिथली कानडी माणसं काय म्हणतात? 'राज्याच्या सणाला काळं फासता? इथलं खाता, इथलं पाणी पिता, आजच्या दिवशी तरी गप्प बसा.' आणि आपण काय म्हणतो? की त्यांचा हक्क आहे, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी त्या दिवशी नाही बोलायचं तर कधी?

बरोबर आहे आपलं. मग हाच न्याय आपल्या चौकात का चालत नाही? इथं कुणी 15 ऑगस्टला काळी फीत लावली, कुठल्या प्रकल्पग्रस्तांनी, कुठल्या वस्तीनं, तर आपण लगेच कानडी होतो. (कानडी माणसांनी राग मानू नये, त्यांच्याकडंही उलट बाजूनं हेच होत असणार.)

माझा भाचा मेलबर्नला असतो. 26 जानेवारीला तो दरवर्षी दोन फोटो पाठवतो. एक तिथल्या भारतीयांच्या झेंडावंदनाचा, दुसरा त्यांच्या 'ऑस्ट्रेलिया डे'चा. योगायोग बघा, दोन्ही जुन्या वसाहती, दोन्हींचा राष्ट्रीय दिवस एकाच तारखेला. त्यांची तारीख 1788 ची आहे, आर्थर फिलिपनं सिडनीच्या खाडीत इंग्रजांचा झेंडा रोवला तेव्हाची. म्हणजे आपण साहेब गेल्यानंतरचा दिवस साजरा करतो, ते साहेब आल्याचा. मूळच्या आदिवासींना त्यात साजरं करण्यासारखं काय असणार? 1938 मध्ये, दीडशे वर्षांचा सोहळा चालू असताना, त्यांनी सिडनीत शोकदिन पाळला. 1972 मध्ये त्याच तारखेला त्यांनी कॅनबेरात संसदेसमोरच्या हिरवळीवर तंबू ठोकला आणि त्याला आपली वकिलात म्हणाले. आपल्याच देशात परके ठरलो, मग वकिलात तरी असू द्या! आता बरेच जण 26 जानेवारीला आक्रमणाचा दिवस म्हणतात. 2017 मध्ये मेलबर्नच्याच यारा नगरपालिकेनं त्या दिवशी नागरिकत्वाचे समारंभ घ्यायचे नाहीत असं ठरवलं, तर केंद्र सरकारनं तिचा तो अधिकारच काढून घेतला.

भाच्याच्या ऑफिसात मात्र एक साधी सोय आहे. ज्याला त्या दिवशी सुट्टी नको त्यानं कामावर यावं आणि बदली सुट्टी दुसऱ्या कुठल्या दिवशी घ्यावी. मी त्याला विचारलं, तू काय करतोस? म्हणाला, "मामा, मी सुट्टी घेतो. पण कशाची घेतो ते कुणी विचारत नाही."

मला ते उत्तर आवडलं नाही. का, हे सांगायला मला वेळ लागला. तिथं प्रश्न तारीख बदलण्याचा आहे आणि मी तिथला असतो तर बदला म्हणणाऱ्यांत असतो. पण प्रत्येकानं आपापला अर्थ खिशात घालून आपापल्या घरी जायचं, हे काही उत्तर नव्हे. आपल्याकडं तारीख बदला असं जवळजवळ कुणीच म्हणत नाही. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणत नाहीत, विमुक्त म्हणत नाहीत, धरणग्रस्तही म्हणत नाहीत. ते त्याच दिवशी, त्याच झेंड्याखाली येऊन बोलतात. ते त्या दिवसाला मानतात म्हणूनच त्याच्याकडं हिशेब मागतात, हे आपल्या लक्षात येत नाही.

याचा पुरावा हवा असेल तर 15 ऑगस्टच्या सकाळी कुठल्याही जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकावर उभे राहा. आदल्या आठवड्यात पेपरात बातम्या येतात: अमक्याचा स्वातंत्र्यदिनी आत्मदहनाचा इशारा. पालकमंत्री येणार म्हणून बंदोबस्त असतो, त्यात अग्निशमनची गाडी असते, साध्या वेशातले पोलिस पिशव्या तपासत असतात. काही वर्षांपूर्वी मी असाच एक म्हातारा पाहिला. धोतर, पटका, हातात प्लास्टिकची बाटली. पोलिसांनी ती आधीच काढून घेतली होती आणि दोघं जण त्याला अगदी हळू, जवळजवळ आदरानं, गाडीकडं नेत होते. शेताकडं जाणारी पाणंद कुणीतरी अडवली होती, मोजणी झाली होती, निकालही त्याच्या बाजूनं लागला होता, पण एका कचेरीतून आदेश खाली येत नव्हता. तीन वर्षं. माझ्या शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, काय हे, आजच्या दिवशी!

आत्मदहनाचं कौतुक मी करत नाही. जीव जातात, घरं उघडी पडतात, आणि काही जण नुसत्या इशाऱ्याचा धंदाही करतात, हे पत्रकारांना चांगलं ठाऊक आहे. पण त्या म्हाताऱ्यानं तीच तारीख का धरली? दसरा का नाही, यल्लम्माची जत्रा का नाही? कारण वर्षात हा एक दिवस असा आहे की सरकार माणसाच्या रूपात, ठरल्या वेळी, ठरल्या जागी, झेंड्याला सलाम करायला उभं असतं, आणि त्या झेंड्यावर आपलाही तितकाच हक्क आहे असं त्या म्हाताऱ्याला वाटतं. त्याच्याइतका या दिवसाचा अर्थ त्या मैदानातल्या खुर्च्यांवर बसलेल्या किती जणांनी मनावर घेतला असेल? पूर्वी तो दरबारात गेला असता, महाराजांच्या गाडीला आडवा गेला असता. तेव्हा दाद मिळणं ही कृपा होती. आता तो तिला हक्क समजतो, आणि त्याची ही समजूत हेच 1947 नं केलेलं काम आहे.

म्हणून मला वाटतं, झेंडावंदनाच्या भाषणांतून थोडी कपात करावी. दरवर्षी तेच ते वीरांचे, हुतात्म्यांचे, बलसागर भारताचे शब्द पोरं उन्हात उभी राहून ऐकतात आणि दोन-तीन तरी चक्कर येऊन पडतात. त्याऐवजी शाळेनं आपल्या गावच्या तारखा वाचाव्यात. 1857, चिमासाहेब. 1918, हजेरी बंद. गारगोटी. 1 मार्च 1949. 31 ऑगस्ट 1952. त्यात अगदी अलीकडचीही घालावी: मे 2022, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. देशाला पंच्याहत्तर वर्षं होत असताना हेरवाडच्या बायकांना मिळालेलं हे स्वातंत्र्य कुठल्या भाषणात बसवणार? आणि शेवटी पोरांना विचारावं, तुमच्या घरात कोण अजून सुटलेलं नाही. मुख्याध्यापक हे ऐकून घाबरतील, संस्थाचालक तर जास्तच. मी हे एका शिक्षक मित्राला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "चांगलं आहे, पण तू ये आणि तू बोल."

मी जायचं ठरवलं आहे. शिवाय आमच्या गावची 15 ऑगस्टची ग्रामसभा असते. तिला माणसं फार येत नाहीत. कोरम भरत नाही म्हणून तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पंधरा जणांत सगळं मंजूर होतं. त्या सभेत घरकुलाची यादी वाचतात, पाण्याच्या टाकीवरून आवाज चढतात, कुणीतरी सरपंचाच्या अंगावर धावून जातं आणि कुणीतरी म्हणतंच, आज तरी नको, सणाचा दिवस आहे. यंदा सभा अकरा वाजता आहे. विषयपत्रिकेवर गावातल्या पाणंदी मोकळ्या करण्याचा विषय पाचवा आहे, जिलेबी सभेनंतर.